कपाटात उतरलेलं अंतराळयान

माझा व्यवसाय कपाटात बसून बोलण्याचा आहे. कोणी विचारलं तर मी 'दुभाषी' असं सांगते. समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही की मग खुलासा करते, "टीव्हीवर एखादा गोरा माणूस इंग्रजीत बोलत असतो आणि मागून एक बाई मराठीत बोलते ना, ती बाई मी." यावर हमखास प्रश्न येतो, "म्हणजे डबिंग?"

डबिंग नव्हे. डबिंगवाल्यांचं चुकलं तर ते पुन्हा बोलतात. आम्हाला समोरचा बोलत असतानाच बोलावं लागतं. कानाने त्याचं नवं वाक्य ऐकायचं, तोंडाने त्याचं आधीचं वाक्य सांगायचं, आणि उरलेल्या डोक्याने हा माणूस नेमकं म्हणतोय काय याचा अंदाज घ्यायचा. एका शेगडीवर दूध, दुसरीवर फोडणी आणि दारात कुरिअरवाला, याची ज्यांना सवय आहे त्यांना हे काम लवकर जमतं. या धंद्यात बायका जास्त का, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

पूर्वी आम्ही हॉलच्या मागच्या बाजूला काचेच्या खोलीत बसायचो. पुढे लॉकडाऊनमध्ये सगळी कामं घरी आली आणि ती परत गेलीच नाहीत. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटला एका बाजूने रिक्षांचे हॉर्न, दुसरीकडून शाळेची घंटा आणि तिसरीकडून आमच्या शेजारीण जिग्नाबेन. अशा ठिकाणी शांत जागा शोधत शोधत मी बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटात पोहोचले. खालचे कप्पे काढून टाकले, आत एक स्टूल ठेवलं, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप आणि माइक. वर साड्या तशाच लटकत ठेवल्या. आवाज गिळण्यात भारी साडीचा हात कोणी धरू शकत नाही. माझ्या लग्नातला शालू गेली काही वर्षं फक्त एवढंच काम करतोय, आणि लग्नात केलं त्याच्यापेक्षा चांगलं करतोय.

या कामातली खरी मारामारी क्रियापदाशी असते. मराठी माणूस क्रियापद शेवटी टाकतो, आणि पुढारी असेल तर त्याआधी पाणी पितो. एकदा परदेशी पाहुण्यांसमोर एक पुढारी म्हणाले, "मी या प्रकल्पाला विरोध..." आणि ग्लास उचलला. मी गप्प. पाहुणे मान वळवून आमच्या काचेकडे पाहू लागले, यंत्र बिघडलं की काय म्हणून. शेजारच्या खोलीतल्या फ्रेंच दुभाष्याला धीर धरवला नाही. त्याने 'माझा या प्रकल्पाला विरोध आहे' असं सांगूनही टाकलं. दोन फ्रेंच पाहुणे बॅगा उचलून उभे राहिले. तेवढ्यात पुढाऱ्यांनी ग्लास खाली ठेवला आणि वाक्य पुरं केलं, "...करणाऱ्यांना भेटलो, आणि त्यांची समजूत काढली." फ्रेंच पाहुणे बॅगा घेऊन पुन्हा बसले.

आणखी एक आठवण माझ्या माहेराजवळची. मी उत्तनजवळच्या पालीची. माझे वडील मासेमारी करायचे. एकदा उत्तनला एक परदेशी तज्ज्ञ नव्या प्रकारची जाळी दाखवायला आले होते. गावातली एक मासळीवाली उठली आणि त्यांना म्हणाली, "हे जाळं न्हाय, पडदा हाय. खिडकीला लाव." आयोजक माझ्याकडे बघून डोळे मोठे करायला लागले, म्हणजे जरा मऊ करून सांगा. मी जसंच्या तसं सांगितलं, पडदा आणि खिडकी धरून. तज्ज्ञ खाली उतरले, त्या बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माझ्या देशात मला कोणी इतकं सरळ सांगत नाही." मी तेही सांगितलं. बाई लाजल्या आणि त्यांनी तज्ज्ञांना जेवायला घरी बोलावलं.

आमचा नियम तोच आहे. बोलणाऱ्याचं काही गाळायचं नाही, आणि स्वतःचं काही घालायचं नाही. इतक्या वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. तो मोडला ते एका अंतराळयानापायी.

आपला एक अंतराळवीर परदेशी यानातून पृथ्वीवर परत येणार होता ते दिवस. ज्या मराठी वृत्तवाहिनीसाठी मी काम करते तिथल्या सौरभचा फोन आला. सौरभ हा तिथला प्रोड्यूसर. माझ्या कानात बसून मला सूचना देणं हे त्याचं काम, आणि त्याच्या बोलण्याला पूर्णविराम नसतो.

"मॅडम, उद्या दुपारी शटल लँड होतंय, लाइव्ह घेतोय, कंट्रोल रूमचा आवाज इंग्रजीत येणार, तुम्ही घरूनच करा, आणि जरा उत्साहात करा."

"सौरभ, ते शटल नाही. शटलला पंख असायचे, ती विमानासारखी धावपट्टीवर उतरायची. ती केव्हाच बंद झाली. ही कुपी आहे. छत्र्या उघडून समुद्रात उतरते."

मग तो म्हणाला, "मॅडम, ग्राफिक्सवाल्यांनी धावपट्टी बनवलीय."

"मग ती काढायला सांगा."

"त्यात झाडंपण टाकलीत, मॅडम."

मी तो विषय सोडला आणि शब्दांच्या तयारीला लागले. बातमीत एखादा शब्द चुकला तर हशा होतो. इथे शब्द चुकला तर घरोघरी रडारड होणार होती. उदाहरणार्थ 'नॉमिनल'. अंतराळवाले हा शब्द श्वास घेतल्यासारखा वापरतात. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. शब्दकोशात मात्र 'नाममात्र'. आता 'छत्र्या नाममात्र उघडल्या आहेत' असं ऐकल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? हल्ली अशी भाषांतरं यंत्रं करतात, आणि आमच्या कित्येक जणांची कामं त्यात गेली. यान उतरलं त्या दिवशी दुसऱ्या एका वाहिनीवर यंत्राने खरोखरच 'इंजिनची कामगिरी नाममात्र' अशी पट्टी चालवली म्हणे. मी वाईट वाटून घेतलं नाही.

'रीएंट्री'ला 'पुनर्प्रवेश' म्हणावं, तर नापास मुलाला शाळेत परत घेतल्यासारखं वाटतं. मी 'वातावरणात शिरणं' ठरवलं. राहिला 'स्प्लॅशडाउन'. संध्याकाळी सौरभ मोठ्या खुशीत म्हणाला, "मॅडम, आमच्या पट्टी लिहिणाऱ्या पोराने मस्त शब्द काढलाय. जलसमाधी."

मी खुर्चीतून उठले. "सौरभ, जलसमाधी म्हणजे काय माहीत आहे?"

"पाण्यात जाणं ना?"

"आणि परत न येणं!"

"अरे बाप रे. ती पट्टी तयार होऊन बसलीय, मॅडम."

शेवटी 'जलावतरण' या शब्दावर आमचं जमलं. त्या पोराने जुनी पट्टी माझ्यादेखत, म्हणजे फोन चालू ठेवून, पुसून टाकली.

त्या आठवड्यात माझी आई पालीहून आमच्याकडे आली होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवा चष्मा. तिला दिसायचं धूसर, पण कान शाबूत. दुपारी मी तिला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं, कुकरची शिट्टी काढून खिशात घातली आणि कपाटात शिरले. दार लावून घेतलं. तेवढ्यात डोक्यावर ड्रिल सुरू झालं. वरच्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं, हे मी साफ विसरले होते.

मी कपाटातून बाहेर आले आणि थेट जिग्नाबेनच्या दारात. त्यांच्या आवाजाचा त्रास मला वर्षानुवर्षं होत आलाय, पण कधी कधी देव अशा गोष्टी कशासाठी देतो ते कळतं.

"फ्लोरीबेन, तुम अंदर जाओ," त्या म्हणाल्या. "मैं देखती हूँ."

जिन्यात त्यांचा आवाज वर जाताना ऐकू आला. "अरे भाई, बंद करो! ऊपर से आदमी आ रहा है और तुम भींत तोड़ रहे हो? देश का सवाल है!"

ड्रिल बंद झालं. नुसतं बंद झालं नाही, ड्रिलवाला खाली आला. रामआश्रय नावाचा पन्नाशीचा कारागीर, अंगभर पांढरी धूळ. देशाचा सवाल नेमका काय आहे ते बघायला तो आमच्या हॉलच्या दारात उभा राहिला. आईने त्याला आत बोलावलं. जिग्नाबेन गाठियाची पिशवी घेऊन आल्या. ती तिघं टीव्हीसमोर आणि मी कपाटात, अशी आमची जुळणी झाली.

सुरुवात चांगली झाली. कंट्रोल रूममधला माणूस फार थोडं बोलायचा, आणि बोलायचा तेही झोपेतून उठल्यासारखा. यानाने इंजिन उलट्या दिशेने पेटवून वेग कमी केला, मी सांगितलं. इंजिन ठरल्याप्रमाणे चाललं, मी सांगितलं. स्टुडिओतला अँकर मध्ये मध्ये "आता काही क्षणांत शटल धावपट्टीच्या दिशेने..." असं म्हणायचा आणि मी लगेच "कुपी समुद्राच्या दिशेने निघाली आहे" असं म्हणायचे. प्रेक्षकांना वाटलं असेल, दोन यानं येतायत.

इकडे हॉलमध्ये वेगळीच मजा चालली होती. माझा आवाज माझ्या घरातून स्टुडिओत जातो, तिथून उपग्रहाकडे, तिथून केबलवाल्याकडे आणि मग परत आमच्या टीव्हीत येतो. या फेरफटक्याला काही सेकंद लागतात. आई बेडरूमच्या दाराशी बसलेली. कपाटाचं दार कितीही लावलं तरी तिला माझा खरा आवाज आधी ऐकू यायचा आणि टीव्हीतला नंतर. त्यामुळे ती रामआश्रयला आधीच सांगायची, "आता इंजिन बंद व्हनार." आणि थोड्या वेळाने टीव्ही सांगायचा, इंजिन बंद झालं.

"अम्मा को पहले से कैसे मालूम?" रामआश्रयने हळूच विचारलं.

जिग्नाबेन म्हणाल्या, "अंदर से खबर आती है."

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी घामाघूम होऊन शालूखाली बसले होते, कारण आता अवघड भाग येणार होता.

वातावरणात शिरताना यान इतकं तापतं की त्याच्याभोवती धगधगत्या वायूचं एक कवच तयार होतं. त्या कवचातून रेडिओच्या लहरी आत-बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणून काही मिनिटं यानाशी बोलणं होत नाही. हे आधीपासून ठाऊक असतं, वेळापत्रकात लिहिलेलं असतं. कंट्रोल रूमच्या माणसाने तसं सांगितलं, मी मराठीत सांगितलं, आणि तो गप्प झाला.

दुभाष्याला शिवीगाळ चालते, गाणी चालतात, आकडे चालतात. शांतता चालत नाही. समोरचा बोललाच नाही तर आम्ही सांगणार काय? पडद्यावर खुर्च्यांत बसलेली माणसं दिसत होती. त्यांच्यातला एक जण पेन फिरवत होता. पेन फिरवणं मराठीत कसं सांगणार?

आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या वाहिनीने लालभडक पट्टी सोडली. 'ब्रेकिंग न्यूज: यानाशी संपर्क तुटला!'

अँकरचा आवाज एकदम खाली उतरला. "प्रेक्षकहो, अत्यंत चिंताजनक बातमी हाती येतेय..."

माझ्या कानात सौरभ ओरडला, "मॅडम, बोला, बोला, गॅप नको, आवाज जरा जड करा, लोक श्वास रोखून बघतायत!"

मी म्हणाले, "कंट्रोल रूमकडून सध्या कोणतंही निवेदन नाही." ते खरं होतं आणि नियमाला धरून होतं. पण त्या लाल पट्टीखाली ते वाक्य किती भयंकर वाटलं असेल, हे बोलताक्षणीच माझ्या लक्षात आलं. कुठेतरी त्या अंतराळवीराचे नातेवाईक, शेजारीपाजारी, त्याच्या शाळेतली मुलं हेच बघत असतील. मला काय करावं सुचेना. कारण चुकीचं बोलत होती ती वाहिनी, आणि बोलणाऱ्याची चूक सुधारायची नाही ही आमची शिस्त.

हॉलमध्ये आईला पट्टी वाचता येत नव्हती. ती रामआश्रयने वाचली. "अम्मा, लिखा है संपर्क टूट गया."

आई उठली. तिचा त्या टीव्हीवर काडीचा विश्वास नव्हता. खबर आतून येते हे तिने मघापासून पाहिलं होतं. भिंत चाचपत ती बेडरूममध्ये आली आणि तिने कपाटाचं दार उघडलं.

"फ्लोरी," ती म्हणाली, "गेला काय गं पोर?"

तिच्या हातात रोझरीची माळ होती आणि हिरव्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं.

आमच्या माइकला एक बटण असतं. खोकला आला, शिंक आली की ते दाबायचं, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. माझं बोट त्या बटणावरच होतं. आईचा प्रश्न तर बाहेर गेला होता, पण निदान पुढचं थांबवता आलं असतं. मी बटण न दाबता बोट उचललं.

"न्हाय गं आई," मी म्हणाले. "गेला न्हाय. रेंजमध्ये न्हाय."

"तो टीवी बोलतोय, तुटलं म्हनून."

"तुटलं न्हाय. यान तापलंय ना, त्याच्याभोवती आगीचा पडदा झालाय. त्यातून आवाज जात नाही. हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. ती माणसं बघ, कोणी रडतंय का? एक जण तर पेनाशी खेळतोय."

कानात सौरभ. "मॅडम, कोण आहे ही? मॅडम, तुम्ही ऑन आहात!"

आईचं समाधान झालं नव्हतं. ती दार धरून उभीच. मग मला लॉरेन्सकाका आठवला. लॉरेन्सकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. पूर्वी बोटींवरून गावात बोलायला वायरलेस असायचा. एकदा त्याच्या बोटीवरून बोलणं अचानक थांबलं, आणि अख्ख्या पालीने ठरवून टाकलं की बोट गेली.

"आई, लॉरेन्सकाकाचा वायरलेस बंद पडला होता, आठवतं?"

"आठवतं की. सगळा गाव देवळात फादरसमोर गोळा झालेला."

"आणि काय झालं होतं?"

"बॅटरी उतरलेली मेल्याची," आई म्हणाली. "प्रार्थना अर्धी झाली, तवर ह्यो दारात उभा. जेवायला काय हाय इचारतोय."

"मग तू काय केलंस?"

"झाडू घेतला."

महाराष्ट्रभर हे थेट प्रक्षेपित झालं. मी माइककडे वळले आणि नियम मोडलाच आहे तर नीट मोडावा असं ठरवून म्हणाले, "प्रेक्षकहो, संपर्क तुटलेला नाही, तो थांबलाय, आणि थांबणारच होता. घाबरायचं कारण नाही. यान कवचातून बाहेर आलं की ते बोलेल. मी इथेच आहे. बोललं की तुम्हाला सांगते."

मग मी, आई आणि मराठी प्रेक्षक असे सगळे वाट बघत राहिलो. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि पुटपुटत माळ ओढत होती. ते पुटपुटणंही बाहेर जात होतं. मी ते थांबवलं नाही. खरं सांगायचं तर आईला मी जितक्या ठामपणे सांगितलं तितकी माझी खात्री नव्हती. वेळापत्रकात लिहिलेलं असलं तरी शांतता ती शांतताच.

आणि कानात खरखर झाली. एक दमलेला, दूरचा आवाज आला. कंट्रोल रूमने विचारलं, ऐकू येतंय का? यानातून उत्तर आलं.

"यान बोललं!" मी ओरडले. दुभाष्याने ओरडायचं नसतं. "यानातून आवाज आला. ते म्हणतायत, स्पष्ट ऐकू येतंय."

आई मागे वळली आणि हॉलच्या दिशेने तिने जाहीर केलं, "जिता हाय!" जिग्नाबेननी किंकाळी फोडली. टीव्ही अजून चिंताजनक वळणावरच होता. तिथे हा आवाज पोहोचायचा होता. रामआश्रय पुढे कित्येक महिने बिल्डिंगमध्ये सांगत होता की फ्लोरी मॅडमच्या अम्माला सिद्धी आहे.

पुढचं भराभर झालं. आधी लहान छत्र्या उघडल्या, मग चार मोठ्या. पडद्यावर निळ्या आकाशात चार फुगे आणि खाली एक जळका, काळवंडलेला डबा लटकताना दिसला. इतक्या लांबून आलेली वस्तू इतकी मळकट असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "चारही छत्र्या ठरल्याप्रमाणे उघडल्या आहेत." थोड्या वेळाने पाणी उडालं, कुपी डुचमळली, छत्र्या पाण्यावर पसरल्या. "जलावतरण," मी म्हणाले. आणि अँकर आनंदाने म्हणाला, "आणि शटल धावपट्टीवर सुखरूप!" त्याच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर पंख असलेलं एक विमान झाडांच्या मधून सरकत येऊन थांबलं.

लगेच वाहिनी स्टुडिओत गेली. तिथे चार जण चर्चेला बसले होते, त्यातले एक ज्योतिषी होते. कानात सौरभ म्हणाला, "मॅडम, थँक यू, तुम्ही सुटलात."

मी हेडफोन काढायला गेले. आई हलली नाही.

"बाहेर आला काय तो?" तिने विचारलं.

"अजून नाही. आत्ता कुठे समुद्रात पडलाय."

"मग हे काय हसतायत टीवीवर? डबा समुद्रात, पोर डब्यात, आन् हे पेढे वाटतायत?"

तिचं बरोबर होतं. वाहिनी कंटाळली होती, पण कंट्रोल रूमचं चित्र आणि आवाज माझ्या लॅपटॉपवर चालूच होता. मी कपाटाचं दार सताड उघडलं. जिग्नाबेन आणि रामआश्रय बेडरूमच्या दाराशी आले. आई पलंगावर बसली. आणि मी पुन्हा सुरू केलं, या वेळी माइक बंद करून, फक्त तिघांसाठी. आईसाठी मराठीत, त्या दोघांसाठी हिंदीत, आणि जिग्नाबेन फार भावुक झाल्या की थोडं गुजरातीतसुद्धा.

लहान होड्या कुपीजवळ गेल्या. माणसांनी कुपीला हात लावण्याआधी आजूबाजूची हवा विषारी नाही ना ते तपासलं. दोर अडकवले.

"कितना टैम लगेगा?" रामआश्रयने विचारलं. त्याचा मुकादम वरून दोनदा हाक मारून गेला होता.

"लगेगा भाई. आराम से निकालते हैं."

"आराम से ही निकालना चाहिए," तो म्हणाला आणि खाली फरशीवर बसला.

मोठ्या जहाजाने कुपी वर उचलली. ती हवेत लोंबकळत असताना जिग्नाबेननी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सौरभ.

"मॅडम, फोनवर फोन येतायत! लोक विचारतायत त्या आजी कोण. वरचे साहेब आधी माझ्यावर भडकले, आता म्हणतात पुढच्या वेळीही आजींना घ्या. एकाने विचारलंय लॉरेन्सकाका सध्या काय करतात—"

"सौरभ, नंतर बोलते. माझं काम चालू आहे."

"कसलं काम? तुम्ही ऑफ-एअर आहात, मॅडम."

"असू दे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जहाजावर कुपीचं झाकण उघडलं. एकेकाला बाहेर काढू लागले. इतके दिवस वजनाशिवाय राहिल्यावर पाय लगेच जमिनीवर ठरत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं हात देत होती. पहिला आला. तो आपला नव्हता. आम्ही त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मग आपला आला. चेहरा सुजल्यासारखा, केस विस्कटलेले. हात वर केला, तोल गेला, माणसांनी धरलं, आणि तो हसला.

"आला," मी म्हणाले. "आई, बाहेर आला. उभा आहे."

आईने चष्मा वर केला, डोळे बारीक करून लॅपटॉपजवळ तोंड नेलं. तिला काही दिसलं असेल असं वाटत नाही.

"कसा हाय?"

"दमलाय. पण हसतोय."

"आई आलीये त्याची न्यायला?"

"नाही गं. ती इकडे आहे, आपल्या देशात. तो फार लांब उतरलाय."

"मंग तिला कोन सांगतंय आता, तो हसतोय म्हनून?"

तिच्या घरी कोणती वाहिनी लावलेली असेल, मला माहीत नव्हतं. तिथेही आत्ता एक ज्योतिषी बोलत असण्याची शक्यता होती.

"सांगत असेल कुणीतरी," मी म्हणाले. "माझ्यासारखी एखादी."

"नीट सांग म्हनावं तिला," आई म्हणाली. "आवाज जड करू नको म्हनावं."